माझ्या माघारी माझ्या नावाने वाजवू नये

मी, खाली सही करणारा सुपडू दगा बोरसे, वय वर्षे पासष्ट, धंदा पूर्वी सिनेमाला आणि टीव्हीला संगीत देणे, सध्या खिडकीत बसणे, मूळ गाव अमळनेर तालुक्यातले, हल्ली मुक्काम डिंडोली, सुरत, तिसरा मजला, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे हे मुद्दाम लिहावे लागते, कारण उजवा हात आणि उजवा पाय ठिकाणावर नाहीत. मागच्या होळीच्या आधल्या होळीला मला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून बोलताना शब्द तोंडात चिकटतात. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते की आतही सगळे चिकटले असावे, आणि ते माझ्यासमोर माझ्याबद्दल मोकळेपणी बोलतात. मला सगळे ऐकू येते. माझा धंदाच कानाचा होता.

हा मजकूर मी डाव्या हाताने लिहिला आहे. दिवाळीपासून रोज दुपारी थोडा थोडा. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, ते वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. पेटीवर आणि कीबोर्डवर या हाताने जन्मभर उजव्याची साथ केली. आता म्हातारपणी त्याला पुढे बसवले आहे, तर तो गांगरणारच.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मात्र गेल्या वर्षी माझा अंगठा एका कागदावर घेतला गेला आहे. त्याची हकीकत योग्य जागी येईल. तूर्त एवढेच जाहीर करतो की इथून पुढे माझ्या नावाने कुठेही अंगठा उठवलेला दिसला, तर तो माझा धरू नये. मला सही करता येते.

कलम पहिले. घराबाबत.

डिंडोलीचे हे घर माझ्या नावावर आहे. ते मी माझी सून सुषमा आणि मुलगा चेतन या दोघांना मिळून देतो. कागदावर सुषमाचे नाव आधी घालावे. चेतन रिंगरोडच्या मार्केटात साड्यांच्या दुकानी नोकरीला आहे, सकाळी जातो, दिवेलागणीनंतर येतो. सुषमा घरात बसून साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवते, स्वयंपाक करते, मला आंघोळ घालते, मग परत खडे. तिच्या बोटांना कायम डिंक असतो. घर कोणाच्या बोटांनी एकत्र चिकटून राहिले आहे, हे मला तरी दिसते.

घराबरोबर एक अट आहे. या घराला दोन दारे आहेत. आतले लाकडी, ते मला उघडता येते. बाहेरचे लोखंडी जाळीचे, त्याला बाहेरून कुलूप असते. दोघे बाहेर गेले की मी आत आणि किल्ली त्यांच्याबरोबर. ह्याला कारण आहे, ते लपवत नाही. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मी एकदा काठी घेऊन जिना उतरलो आणि उधन्याला जायला निघालो. बाप ज्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात होता, ती जागा बघायची होती. संध्याकाळी चेतनला मी रेल्वे फाटकाजवळ सापडलो, एका पायात चप्पल नव्हती. तो रस्त्यात उभा राहून लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी कुलूप आले. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. पण कुलूप ते कुलूप. आत बसलेल्या माणसाला त्याच्या मागची माया दिसत नाही, लोखंड दिसते.

माझ्या माघारी हे कुलूप काढून टाकावे आणि पुन्हा कोणाला या घरात बाहेरून बंद करू नये.

कलम दुसरे. माझ्या नावाबाबत.

मला दोन नावे आहेत आणि दोन्हींची व्यवस्था वेगवेगळी करायची आहे.

माझ्या आधी आईची दोन मुले पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा आमच्याकडे करतात तसे केले. मला सुपात घालून अंगणातून ओढले, शेजारणीला देऊन टाकले आणि मूठभर बाजरी देऊन परत विकत घेतले. मरण दारात आले आणि त्याने विचारले, तर सांगायला बरे की हे पोर आमचे नाहीच. सुपातले म्हणून सुपडू. माझ्या बापाचे नाव दगा, तेही असेच वाचलेले पोर. आमच्या घराण्यात सुंदर नाव ठेवायची कोणाची हिंमत नव्हती.

बाप आम्हाला घेऊन सुरतेला आला, उधन्यात लूमवर लागला. तिथल्या चाळीत कोणी माझे कौतुक केले, पोराचा गळा गोड आहे म्हटले, की आई लगेच तोडायची, "हाऊ मना पोऱ्या नही शे. इकत लिधेल शे." हा माझा मुलगा नाही, विकत घेतलेला आहे. मी बराच मोठा होईपर्यंत ते खरे मानून चाललो होतो. बाजरीच्या दाण्याकडे बघितले की मला वाटायचे, मूठभरच का? थोडी जास्त द्यायची होती.

दुसरे नाव श्रीरंग. ते मुंबईत पडले. माझ्या पहिल्या सिनेमाच्या वेळी निर्माते म्हणाले, "सुपडू? ये नाम परदे पे नहीं चलेगा." त्यांच्या ऑफिसात भिंतीवर देवाचे कॅलेंडर होते, त्याच्याकडे बघत त्यांनी मला श्रीरंग करून टाकले. मी सुट्टीला घरी आलो आणि भीत भीत आईला सांगितले. मला वाटले तिला वाईट वाटेल. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "बरं जायं. आते मरणले तू सापडाव नही." चांगले झाले, आता मरणाला तू सापडणार नाहीस.

आईचे म्हणणे कसे खरे झाले ते कलम सातमध्ये आहे.

कलम तिसरे. बाज्याबाबत.

माझी क्लॅरनेट, जिला आम्ही बँडवाले बाजाच म्हणतो, ती माझा जुना सोबती दीपक अहिरे याला द्यायची होती. पण शेजारच्या मारुतीच्या फोनवरून नोटरीकडे चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नका, पुढे वांधे होतात. म्हणून ती आजच दिली. सुषमा तयार साड्या पोचवायला गेली होती, जाळीला कुलूप होते. क्लॅरनेटचे तुकडे सुटे होतात. एकेक तुकडा मी आतून दिला, एकेक त्याने बाहेरून घेतला. शेवटचा तोंडाचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, "सुपडू, हाई तर गयी बाहेर." मी म्हटले, तिला जाऊ दे. तेवढे म्हणायलाही मला वेळ लागला, आणि तो थांबला.

दीपक आणि मी उधन्याच्या एका लग्नाच्या बँडमध्ये होतो. त्याचा बेंजो, माझा बाजा. त्याच्याआधी माझे गाणे-बजावणे म्हणजे आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि बापाचा कारखाना. बापाचा डबा द्यायला मी जायचो. आत इतका खडखडाट, की माणसे ओठ बघून बोलायची. मला त्या खडखडाटाची कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती एक लूम मध्येच थांबली की. धागा तुटला की लूम थांबते. बाकीच्या सगळ्या चालू असतात, तरी त्या एका थांबण्याने बापाची मान वळायची. एवढ्या गोंगाटात त्याला ते कसे ऐकू यायचे, हे मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, "आवाज कोन आयकस? थांबनं ते आयकतंस." आवाज कोण ऐकतो, थांबले की ते ऐकायचे. मला संगीताचा पहिला धडा हा मिळाला, आणि पुढे जन्मभर तो वापरायची परवानगी मिळाली नाही.

कलम चौथे. शाल, कीबोर्ड आणि एक जुना हिशेब.

सुरतेच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरच्या वरातीत मी वाजवत होतो. तिथे मुंबईचा एक संगीतवाला पाहुणा आला होता. वरातीत नाचणाऱ्यांची फर्माईश आली की मी ते गाणे मधल्या वाद्यांसकट वाजवायचो. पाहुण्याने खांद्यावर हात ठेवला आणि मी मुंबईला गेलो. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. प्रमिलाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटले, जम बसला की तुला नेतो. जम बसला तो इतका, की मला उठताच आले नाही. ती उधन्याच्या खोलीतच राहिली आणि चेतनही तिथेच मोठा झाला.

मुंबईत मी एका मोठ्या साहेबांचा सहायक होतो. दोन कडव्यांच्या मधले वाद्यांचे तुकडे माझे, चालीच्या खालची साथ माझी, आणि कधी कधी चालही. साहेबांचा स्वभाव चांगला होता. सेटवर सगळ्यांदेखत म्हणायचे, "हा पोरगा नसता तर मी काय केलं असतं." पण पडद्यावरच्या पाटीवर नाव घालायची वेळ आली की त्यांचा स्वभाव घरी राहायचा. निरोपाला त्यांनी मला शाल दिली. ती शाल कपाटात वरच्या खणात आहे. तिची ऊब मला कधी लागली नाही, म्हणून ती कोणालाही द्यावी, पण त्यांच्या नावाने कोणी सत्कार करू लागले तर त्या सत्काराला अजिबात नेऊ नये.

कीबोर्ड सुषमाला. ती विकेल, आणि विकावा. घरात बसायला जागा होईल.

माझे स्वतःचे म्हणून दोन सिनेमे झाले. एक लागलाच नाही. दुसरा लागला आणि आठवड्यात उतरला. सुरतेत तो लागला तेव्हा बँडवाल्यांनी मिळून तिकिटे काढली होती. पाटीवर श्रीरंग आले तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही, कारण कोणालाच ते माझे नाव माहीत नव्हते.

कलम पाचवे. बक्षिसाबाबत.

टीव्हीवरच्या माझ्या रोजच्या सिरियलसाठी मला एक बक्षीस मिळाले होते. पितळी बाई, डोक्यावर तारा. ती सध्या संडासाचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेली आहे. ती तिथेच राहू द्यावी, तिथे तिचा उपयोग आहे.

लोक मला ज्या गोष्टीने ओळखतात ती म्हणजे धूम, धूम, धूम. सासू दारात उभी राहिली की धूम. सुनेने चिठ्ठी वाचली की धूम. मग प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा जातो आणि परत धूम. भाजीवाला मला ओळखायचा तेव्हा नाव घ्यायचा नाही, तोंडाने तेच वाजवायचा.

ती माझी कल्पना नव्हती. पहिल्या भागात सासू दारात येते, तिथे मी सगळी वाद्ये थांबवली होती. एकदम. लूम थांबते तशी. ऐकणाऱ्याची मान वळावी इतकेच थांबणे. निर्मात्यांनी ते ऐकले आणि काचेच्या पलीकडून विचारले, "श्रीरंग, इधर म्यूज़िक कहाँ है?"

मी म्हटले, हेच आहे.

"ये तो खाली है. लोग समझेंगे टीवी बिगड़ गया."

म्हणून त्या रिकाम्या जागेत तीन ठोके घातले. सिरियल वर्षानुवर्षे चालली. ज्या खोलीत मी बसायचो तिला खिडकी नव्हती, भिंतींना कापूस होता, दार बंद केले की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. रोजचा भाग रोज. सुट्टी मागायला जागा नव्हती, कारण सासू रोज दारात येत होती. खरे सांगतो, मला त्या खोलीत कोणी कोंडले नव्हते. दाराला कुलूपही नव्हते. तरी तिथून बाहेर पडणे जमले नाही. इथल्या जाळीत बसून मला ती खोली रोज आठवते आणि दोन्हींत फारसा फरक वाटत नाही.

कलम सहावे. साठ्याबाबत.

प्रमिलाची किडनी बिघडली तेव्हा चेतन कॉलेजात होता. मला सुरतेला यायचे होते. निर्माते म्हणाले, जाओ, पण एपिसोड नाही थांबणार. तेव्हा मी एक डोके लढवले. सिरियलमध्ये जे जे होते त्या सगळ्याचे संगीत आधीच करून ठेवले. रडणे थोडे, रडणे फार, संशय, सासूचा संशय, लग्न, मोडलेले लग्न, आग, देवघर, मेलेला माणूस परत येतो. प्रत्येक तुकड्याला नाव दिले. प्रत्येक वाद्य सुटे ठेवले, म्हणजे सिरियल कापणाऱ्या एडिटरला हवे तसे जोडता येईल. हा साठा करायला मी जीव लावला, कारण मला वाटत होते हीच माझी सुटकेची किल्ली.

साठा देऊन मी आलो आणि प्रमिलाच्या उशाशी बसलो. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात भिंतीवर टीव्ही होता. संध्याकाळी सगळ्या बायका आमचीच सिरियल लावायच्या. एके दिवशी धूम वाजले, मग रडणे थोडे, मग देवघर. प्रमिला डोळे मिटून पडली होती. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितले, टीव्हीकडे बघितले आणि विचारले, "तुम्ही आठे बठेल शेतस, मंग तठे कोन वाजाडी ऱ्हायना?" तुम्ही इथे बसलात, मग तिथे कोण वाजवतंय?

मी तिचे पांघरूण सारखे केले. त्यावर ती थोडी हसली. त्याच आठवड्यात ती गेली.

तेरावे करून मी परत गेलो. निर्माते जिन्यात भेटले आणि म्हणाले, "अरे, आप गए थे क्या?"

साठ्याबाबत व्यवस्था अशी: काहीही नाही. तो कंपनीच्या ताब्यात आहे.

कलम सातवे. कराराबाबत.

गेल्या वर्षी चेतन एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, पप्पा, बँकेच्या केवायसीला अंगठा पाहिजे. मी दिला. पोटच्या पोराला अंगठा देताना कोणी वाचत बसत नाही, आणि तो कागद इंग्रजीत होता.

त्यानंतर यंदाच्या राखीच्या सुमारास सुषमा दुपारी खडे चिकटवत बसली होती, समोर टीव्ही चालू होता. एक नवी सिरियल लागली. सुरुवातीचे संगीत ऐकून मला वाटले माझेच जुने काहीतरी असेल. बासरी माझी, खालचा ठेका माझा. मग ती चाल एका ठिकाणी वळली. मी वळवली असती अगदी तिथेच वळली. पण ती मी कधीच केली नव्हती. शेवटी पाटी आली, संगीत श्रीरंग. सुषमाने मान वळवून माझ्याकडे बघितले. तिच्या बोटाला एक लाल खडा तसाच चिकटलेला होता. म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही कधी केलं?"

संध्याकाळी मी खिडकीत बसून तीच चाल गुणगुणताना स्वतःला पकडले. चाल चांगली होती. मला लाज वाटली, रागही आला, आणि दुसऱ्या दिवशी परत तीच तोंडात आली. ती अजून जात नाही.

मग उलगडा झाला. तो कागद कंपनीशी करार होता. सुषमाने चेतनच्या फोनवरून शोधून मला मराठीत सांगितला. माझा साठा त्यांनी एका मशीनला खायला घातला आहे, ते आता माझ्यासारख्या नव्या चाली करते. श्रीरंग हे नाव आणि श्रीरंगची शैली कायमची त्यांची. मी जिवंत असो वा नसो, आणि माझे वारसही त्याला बांधील. माझी शैली मला जन्मात दिसली नव्हती, त्यांना बरी सापडली. पुढच्या वर्षी श्रीरंगच्या नावावर आणखी सिरियली येणार आहेत. त्याला सुट्टी लागत नाही. त्याची बायको आजारी पडत नाही. आईने भाकरी थापताना म्हटले तेच झाले, श्रीरंगला मरण सापडणार नाही.

चेतनला मी विचारले. मला बोलायला वेळ लागतो, तेवढा वेळ तो खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला, "पप्पा, तुम्हाला काहीच करायचं नाही. तुम्ही निवांत बसा. काम आपोआप चालशे." चालशे म्हणजे चालत राहील. मग त्याने सगळे सांगून टाकले. मार्केटात मंदी आहे, शेठ पगार लांबवतो, घराचा हप्ता, माझा मसाज करणारा माणूस. हे सगळे मला माहीत होते. शेवटचे माहीत नव्हते. तो म्हणाला, "मी लहान होतो तेव्हा सिरियलचं म्युझिक लागलं की मम्मी म्हणायची, चेतन, ये, पप्पा आले. मी टीव्हीसमोर जाऊन बसायचो. मला वाटलं, तुम्ही गेल्यावर पण तसं लागत राहील. मी जाऊन बसेन."

एवढे बोलून तो कामाला निघून गेला, सुषमा बाजारात गेलेली म्हणून जाताना जाळीला कुलूप लावून.

त्या दिवसापासून मला त्याच्यावर पूर्ण रागावता येत नाही. रागावता आले असते तर हे मृत्युपत्र अर्ध्या पानात झाले असते.

नोटरींचे म्हणणे असे पडले की मृत्युपत्राने करार मोडत नाही. तेव्हा इथे हुकूम करत नाही, जाहीर करतो. श्रीरंग हे नाव ज्यांनी कॅलेंडरवरून उचलून दिले, त्यांच्याच धंद्याकडे परत गेले आहे. ते त्यांनी ठेवावे आणि वाजवावे. पण तो मी नाही. माझ्या आईच्या शब्दांत सांगायचे तर, हाऊ मना नही शे, इकत लिधेल शे. सुपडू दगा बोरसे कोणाला विकलेला नाही. त्याचा शेवटचा व्यवहार मूठभर बाजरीचा होता आणि तो आईने परत घेऊन मिटवला. सुपडू वेळ आली की मरणार आहे, आणि मेल्यावर तो नवीन चाल करणार नाही.

कलम आठवे. क्रियाकर्माबाबत.

मला नेताना बँड लावू नये. भजन चालेल, तेही ज्यांना येते त्यांनीच म्हणावे. कोणाच्याही फोनवर धूम वाजले तर त्या माणसाला तिथूनच परत पाठवावे. फोटोखाली सुपडू लिहावे.

कलम नववे. चेतनला.

घरात सुषमाचे नाव आधी लावले म्हणून चेतनला वाटेल बापाने सूड उगवला. तसे नाही. त्याचा वाटा वेगळा ठेवला आहे आणि तो एकट्याचा आहे.

झटक्यानंतर मी एक चाल केली. बोलताना शब्द चिकटतात, पण गाताना चिकटत नाहीत, हे मला इथे खिडकीत बसून कळले. ती चाल डाव्या हाताला बसेल अशी आहे, आठ-दहा सुरांचीच. कोणी मागितली नव्हती. तिच्यात सासू नाही, आग नाही. मधे एका ठिकाणी थांबायचे आहे. निर्मात्यांनी काढून टाकले होते तेच थांबणे. किती थांबायचे हे लिहून दाखवता येत नाही आणि ती मी कशावरही भरून ठेवलेली नाही, ठेवणार नाही. साठ्यात ती नाही. मशीनला ती माहीत नाही. समोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत, मी थांबलो की थांबायचे आणि मी निघालो की निघायचे, अशीच ती येते. चेतनला वाद्य येत नाही, गळा बापाइतकाही नाही. त्याची गरज नाही. त्याच्या आजीला ओव्या अशाच आल्या होत्या.

ही चाल मी चेतनला देतो. सुपडूने केलेली म्हणून.

नोटरी म्हणाले, काका, मृत्युपत्रातली वस्तू माणूस मेल्यावर मिळते. ही वस्तू मेल्यावर मिळणार नाही. माझ्याबरोबर जाळली जाईल. म्हणून या मृत्युपत्राची मुदत उलटी आहे. ते माझ्या मरणानंतर उघडायचे नाही. आज संध्याकाळी चेतन घरी आला की शेजारच्या मारुतीने त्याला ते वाचून दाखवावे. चेतन गुजराती शाळेत शिकला, त्याला मराठी वाचताना अडखळायला होते, आणि अडखळत वाचले तर तो मधले कलम सोडून देईल. मारुतीने काही सोडू नये, चेतनला राग येईल ते तर मुळीच नाही.

चेतन, तू मला टीव्हीसमोर बसून ऐकलेस. त्यात माझा काय दोष, तुझा काय दोष, ते आता राहू दे. मला तू फार हवा होतास आणि मी त्या कापसाच्या खोलीत होतो. आता मी इथेच आहे, कुठे जात नाही, जाऊ शकत नाही. रविवारी मार्केट बंद असते. आत ये आणि समोर बस. कुलूप लावायचेच असेल तर लाव, पण या वेळी आतून.

येणेप्रमाणे लिहिले, परत वाचून पाहिले, खोडले त्याच्याशेजारी सही केली.

सही: सुपडू दगा बोरसे
(डाव्या हाताने. श्रीरंग म्हणून सही करत नाही.)

साक्षीदारांनी लिहिलेले:

बोरसे काकांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. ते जाळीच्या आत खुर्चीवर होते, आम्ही दोघे बाहेर जिन्यात उभे. सही करताना अक्षर वाकडे गेले तेव्हा मी, मारुती, म्हणालो, "सावकाश करा काका, म्या बघायलोय की." कागद जाळीतून बाहेर आला, आम्ही सह्या केल्या. सही झाल्यावर काकांनी ती चाल म्हटली नाही. आम्ही मागितली, पण ती दुसऱ्याच्या नावावर झाली आहे म्हणाले. कुलपाची किल्ली आमच्याकडे नव्हती.

साक्षीदार १: मारुती विठ्ठल शिंदे, समोरचे दार, मूळ गाव परभणीकडचे
साक्षीदार २: दीपक रामदास अहिरे, बेंजोवाला, राहणार उधना

ठिकाण: डिंडोली, सुरत, जाळीच्या दोन्ही बाजूंना
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, चेतन घरी यायच्या आधी